वाटेतलं खाणं

थेबोंगदादाचा फोन आला तेव्हा मी इंचॉन विमानतळावर नावाची पाटी धरून उभी होते. "ओकबुन गेली," म्हणाला. "पोराला सांगून टाक आणि त्याला सरळ इकडेच घेऊन ये." सांगून टाक म्हणे! ह्याला बोलायला काय जातंय! ओकबुन आमची मधली बहीण. लग्नाआधी झालेलं तिचं पोर आमच्या बापाने तिला न विचारता नॉर्वेला दत्तक देऊन टाकलं होतं. तेच पोर आज चाळिशीला टेकल्यावर आईला पहिल्यांदा भेटायला येत होतं.

दारातून आला तो हुबेहूब तिचं नाक घेऊन. मला रडूच फुटलं. त्याला वाटलं, आनंदाने रडतेय.

"मावशी, मी आपला अत्यंत ऋणी आहे," लार्स म्हणाला. भाषा संध्याकाळच्या शिकवणीत शिकलेला, त्यामुळे बोलणं सगळं पुस्तकी. "दवाखान्यात आईंना किती वाजेपर्यंत भेटता येतं?"

"भूक लागली असेल तुला," मी म्हटलं. "वाटेत काहीतरी खाऊ."

गाडीत तो खिडकीला नाक लावून बसला. म्हणाला, "मावशी, इथे कोणी माझ्याकडे वळून पाहिलं नाही. पासपोर्टवाल्याने तर सरळ कोरियनच बोलायला सुरुवात केली! असं माझ्या आयुष्यात कधी झालं नव्हतं." मी नुसतं हं म्हटलं आणि गाडीचा वेग वाढवला. दादा वाट बघत होता ते गुन्सान अजून लांब होतं.

हायवेवरच्या थांब्यावर मी त्याला काडीवरचा फिशकेक दिला, कागदी कपात त्याचंच गरमागरम सूप. मग साखर-मीठ भुरभुरलेले बटाटे. मग तांदळाचे तिखट गोळे. त्याचे कान लाल झाले, नाक वाहायला लागलं, तरी खातोय आपला. "अप्रतिम आहे!" प्रत्येक घासाला अप्रतिम.

दादाचा परत फोन. "सांगितलंस का?"

"खातोय तो."

"अजून? पोर आहे की हत्ती?"

"तू ये आणि सांग, एवढी हौस असेल तर!" मी फोन आपटला आणि नूडल्सची रांग धरली. तोंडात घास असताना कसं सांगणार? आणि घास संपला की मीच पुढचा आणून देत होते.

शेवटी तो स्वतःच उठला आणि अक्रोडाच्या गरम केकची पुडी घेऊन आला. कोटाच्या आत, छातीशी धरलेली.

"आईंसाठी," म्हणाला. "गार होऊ नयेत म्हणून. त्यांना चावता येतात ना?"

मी तिथेच प्लास्टिकच्या खुर्चीत बसले. "लार्स, तुझी आई वारली रे. आज सकाळी. तू विमानात होतास."

त्याने पुडी टेबलावर ठेवली आणि माझ्या शेजारी बसला. लोक आमच्या बाजूने ट्रे घेऊन जात-येत होते.   

अंत्यविधीच्या हॉलमध्ये दादाने त्याला काळा कोट दिला, दंडाला मुलाने बांधायची सुतकाची पट्टी बांधली. ओकबुनला दुसरं मूल नव्हतं. शेवंतीच्या फुलांत ठेवलेल्या तिच्या फोटोपुढे लार्सने गुडघे टेकले, कपाळ जमिनीला लावलं आणि डोकं वर करून तसाच बसून राहिला.

"अजून एकदा," दादा पुटपुटला. "गेलेल्या माणसाला नमस्कार दोनदा करतात. एकदा करतात तो जिवंताला."

"मला तोच शिकवला आहे," लार्स म्हणाला. "आई भेटल्यावर करायचा. मग आई काहीतरी बोलतात, असं आमच्या शिकवणीच्या बाईंनी सांगितलं होतं."

दादाने माझ्याकडे पाहिलं.  लार्स फोटोकडे बघत थांबलेला. लेकरू घरी आलं की आमच्याकडे कुठलीही आई एकच गोष्ट विचारते. ओकबुनने तर गेले कित्येक दिवस पडल्या पडल्या ती घोकली होती. मी पुढे होऊन त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"जेवलास का रे?" मी विचारलं.

"नाही जेवलो, आई," तो फोटोला म्हणाला.