सारजाआत्याची पत्रिका

माझ्या हातात कला आहे. हे मीच सांगते, कारण दुसरं कोणी सांगेल म्हणून वाट बघत बसले असते तर केस पांढरे झाले असते. मुरूममध्ये कुणाला वाढदिवसाचं, साखरपुड्याचं, निवृत्तीचं हातानं केलेलं कार्ड हवं असेल, तर माणसं सरळ आमचं घर विचारत येतात.

ठसे मी स्वतः कोरते. शाळेत असतं तसलंच खोडरबर, पण तळहाताएवढं. त्यावर ब्लेडनं मोर, कलश, जे हवं ते कोरायचं. चिकट, सावकाश वाळणारी शाई लावून ते कागदावर दाबायचं. शाई ओली आहे तोवर सोनेरी पावडर भुरभुरायची, जादाची झटकून परत डबीत भरायची आणि वरून गरम हवेचं मशीन धरायचं. पावडर वितळते, चकाकते आणि चित्र कागदावर उठून येतं. डोळे मिटून बोट फिरवलं तरी मोराचा तुरा हाताला लागतो. ते मशीन केस वाळवायचं आहे अशी आमच्या आईची पक्की समजूत आहे आणि ती मी अजून मोडलेली नाही.

माझं लग्न ठरलं सास्तूरच्या रणधीरशी. पाचशे पत्रिका रीतीप्रमाणे छापून आल्या. गणपती वर, मामा-काका खाली, मधे आम्ही दोघं अंग चोरून. मी म्हटलं, छापा खुशाल, पण अगदी जवळच्या चाळीस माणसांच्या पत्रिका मी हातानं करणार. स्वतःच्या लग्नात स्वतःची कला नाही वापरायची तर कधी वापरायची?

त्या चाळिसांतली एक पत्रिका माझ्यासाठी बाकीच्या एकोणचाळिसांना भारी होती. ती होती सारजाआत्याची.

सारजाआत्या म्हणजे आण्णांची, माझ्या वडिलांची, थोरली बहीण. राहते तामलवाडीला. माझ्या बारशाला पाळण्याशी वाकून माझ्या कानात कुर्र करून ‘शिवकन्या’ हे नाव तिनंच ठेवलं. आणि ही आत्या अकरा वर्षं आमच्या घराची पायरी चढली नव्हती. कारण काय, तर साडी. आमच्या वास्तुशांतीला आईनं तिला आहेराची साडी दिली. आत्यानं घडी उलगडली आणि पदरावरचा हळदीचा डाग ओळखला. ती साडी दोन वर्षांपूर्वी तिनंच आईला दिली होती! आईच्या कपाटात साड्यांची सरमिसळ झाली होती, मुद्दाम कुणीच केलं नव्हतं. पण आण्णा चारचौघांत हसून म्हणाले, “साडी ती साडी, अक्का. एवढं काय त्यात?” साडीचं आत्या विसरली असती. भावाच्या हसण्याचं विसरली नाही. न जेवता गेली ती गेलीच.

त्यानंतर दर भाऊबीजेला आण्णा धुतलेला सदरा घालून दुपारपासून ओसरीवर बसायचे. दिवेलागण झाली की उठायचे आणि म्हणायचे, “येष्टी चुकली असंल.” तामलवाडी काही विलायतेत नाही. तुळजापूर, नळदुर्ग, येणेगूर अशा गाड्या बदलत तीन-साडेतीन तासांत माणूस पोचतं. स्वतः गेले असते तर? पण नाही. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तो आमच्या घराण्यात बहिणीला आणि भावाला निम्मा-निम्मा वाटून आलाय.

मला आत्या लग्नात हवी होती. माझ्यासाठी हवी होती आणि आण्णांसाठी त्याहून जास्त. मुलगी सासरी निघाली की हा माणूस कुणाच्या खांद्यावर डोकं टेकून रडणार, हा प्रश्न मला खरंच छळत होता. माझी खात्री होती की माझं कार्ड हे काम करेल. फोननं झालं नसतं. तिचा नंबर आमच्यापैकी कुणाकडं नव्हता, आणि असता तरी तिनं उचलला नसता.

आत्याला वाचता येत नाही, म्हणून पत्रिका बोटांना कळेल अशी करायची ठरवली. तीन दिवस घेतले. जाड हातकागद घेतला. मधोमध पाळण्याचा ठसा, सोन्यात उठवलेला. भोवती वेलबुट्टी, पण ती बिनशाईची: पत्र्याचा साचा कागदाखाली धरून बोथट सुईनं घासत घासत नुसता कागदच उचलून आणलेली. आणि शेवटी सगळ्यांत अवघड कामगिरी. कागदाच्या उजव्या वरच्या कोपऱ्यावरून ओला कुंचला फिरवला आणि तो कोपरा हातानं हळूच फाडला, म्हणजे कडेला मऊ धागे सुटतात आणि मागं चिकटवलेला सोनेरी कागद त्यातून डोकावतो. ही फाडकाम करायची रीत मी व्हिडिओ बघून शिकले होते. बाकी कुणाच्या पत्रिकेला हे केलं नाही. आत्याचा मान मोठा.

आई दारातून म्हणाली, “कुंकवाची बोटं लाव गं चारी कोपऱ्यांना. तसंच धाडू नये.”

“आई, ओलं कुंकू या कागदावर फुटतं. तीन दिवसांचं काम मातीत जाईल.”

“आमचं ऐकायचंच न्हाय,” म्हणून ती गेली. पत्रिका तिनं जवळून पाहिली नाही. मीही आवर्जून दाखवली नाही, कारण ती कुणाला जाणार हे मला सांगायचं नव्हतं. पाकिटावर पाठवणाऱ्याच्या जागी आण्णांचं ‘बलभीम’ हे नाव आणि मुरूमचा पत्ता घातला. भावानंच बोलावलंय असं वाटू दे! पोस्टात टाकून आले तेव्हा मी स्वतःवर फार खूश होते.

चौथ्या दिवशी दुपारी आमच्याकडं गल्लीतल्या बायका जमल्या होत्या. लग्नाचे गहू निवडणं चाललेलं. दारात चपलांचा ढीग. गव्हात खडे किती आणि दुकानदार कसला, यावर बोलणं रंगलेलं असताना बाहेर रिक्षा थांबली. आणि एकदम असा हंबरडा आला की माझ्या हातातलं सूप पडलं.

“बलभीमाऽऽ! आरं माझ्या लेकरा, न भेटता कसा गेलास रं!”

उंबऱ्याबाहेर एक म्हातारी छाती बडवत उभी होती. केस ओले, लुगडं अंगावरच अर्धवट वाळलेलं, काखेत फडक्यात बांधलेलं गाठोडं. सारजाआत्या! अकरा वर्षांत निम्मी झालेली. तिनं दारातल्या चपला पाहिल्या, आत दाटीनं बसलेल्या बायका पाहिल्या आणि ती मटकन खालीच बसली. बायकांपैकी कुणाला काही सुधरेना. दोघी-तिघींनी, काय झालंय ते न कळताच, तोंडाला पदर लावला.

तेवढ्यात मागच्या दारानं आण्णा आले. हातात चहाची बशी. “काय गलका हाय? कोण गेलं?”

आत्यानं वर पाहिलं.

“अक्का?” आण्णांच्या बशीतला चहा सांडला.

“तू... तू गेलास न्हवं?”

“कुठं? हितंच तर हाय की म्या.”

आत्या उठली, तरातरा आत आली आणि तिनं साठीतल्या भावाच्या थोबाडीत एक ठेवून दिली. मग दुसरी. मग त्याचं तोंड दोन्ही हातांत धरून कपाळ, गाल, कान चाचपत राहिली. आण्णा हलले नाहीत. बशी हातात तशीच.

“मंग पत्र कुणी धाडलं ते?” आत्या ओरडली. “पोष्टमन म्हनला, मुरूमचं हाय, तुमच्या भावाच्या घरचं. उघडून बघते तर कोपरा फाडल्याला! कुंकवाचं बोट न्हाय कुठं! अकरा सालांत एक कागुद आला, त्यो बी असला!”

सगळ्या बायका माझ्याकडं वळल्या. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, तर माझ्या चेहऱ्यावर भरदुपारी ते पडलं असणार.

“आत्या, ती लग्नाची पत्रिका होती. माझ्या. कोपरा मी शोभेला फाडलाय.”

“शोभेला?” आईनं कपाळावर हात मारून घेतला. “अगं करंटे, कोपरा फाडल्यालं पत्र म्हंजे माणूस गेल्याचं पत्र! पूर्वी खबर अशीच यायची. मी सांगत हुते कुंकू लाव म्हनून!”

मला कसं माहीत असणार? मी सव्वीस वर्षांची. माझ्या आयुष्यात मरणाच्या बातम्या मोबाईलवर हात जोडलेल्या चित्रासकट आल्या. पण माझ्या हातांनी, माझ्या तोऱ्यानं, या म्हातारीला तीन तास भावाच्या मरणाचं दुःख एकटीनं गाडीत बसून सोसायला लावलं होतं. माझी मला लाज वाटली.

“पण आत्या, कुणाकडून वाचून तरी घ्यायचं होतं.”

“वाचायचं काय त्यात? असलं पत्र घरात ठेवतेत व्हय? अंगणातच फाडून टाकलं, डोक्यावरनं पानी घेतलं आन् निघाले.”

म्हणजे माझं तीन दिवसांचं काम तामलवाडीच्या अंगणात तुकडे होऊन पडलं होतं. सोन्यातला पाळणा, बिनशाईची वेलबुट्टी, सगळं. पाळण्यावरून बोटसुद्धा न फिरवता. आणि तरी ती आली होती.

आईनं पुढं होऊन तिला पाट दिला. मग गाठोड्याकडं हात केला. “हे काय आणलंत, वन्सं?”

आत्या ओशाळली. “भाकरी हायत्या. आन् पिठलं.” मग खाली बघत म्हणाली, “मेल्याच्या घरी चूल पेटत न्हाय. तू आन् पोरगी उपाशी बसला असाल, म्हनलं. सुतकाचं मागनं बघू.”

कडू भाकरी. माणूस गेलेल्या घरी सोयऱ्यांनी बाहेरून आणायची भाकरी, आणि लग्न आठ दिवसांवर. गल्लीतली लक्ष्मीबाई कुजबुजली, “लग्नाघरात ठेवू नगा बाई. गाईला घाला.” आईही म्हणाली, “व्हय, गाईलाच घालू,” आणि गाठोडं उचलायला वाकली.

आण्णांनी तिच्या आधी ते उचललं. तिथंच जमिनीवर मांडी घातली, गाठ सोडली, भाकरी हातावर घेतली.

“आरं, नगो!” आत्यानं त्यांचं मनगट धरलं. “तुझ्या मढ्यावरची हाय ती.”

“मंग माझीच की,” आण्णा म्हणाले. “दुसऱ्या कुणाचा हक्क हाय तिच्यावर?”

त्यांनी भाकरी मोडली, पिठल्यात बुडवली आणि खाल्ली. दोन-तीन घासांनंतर त्यांचे खांदे हलायला लागले, पण जेवण थांबलं नाही. आत्यानं त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि तो काढलाच नाही. मग आईनं, जी एवढ्यात गाईला घाला म्हणत होती, तिनं शेजारी बसून एक तुकडा मोडून घेतला. मीही घेतला.

पिठल्यात मीठच नव्हतं. रडत रडत करताना आत्या घालायची विसरली होती. आईनं माझ्याकडं पाहिलं, मी आईकडं.

“बरं झालंय का रं?” आत्यानं विचारलं.

“झ्याक झालंय, अक्का,” आण्णा म्हणाले आणि त्यांनी दुसरी भाकरी उचलली.