भाऱ्यात खोवलेला विळा

त्या संध्याकाळी जानराव अंगणात बकरीला पाणी दाखवत होता. शेजारची रुपाबाई शेतातून धावत आली. "जानरावभाऊ, चला लवकर. भागिरथाले गोळी लागली," एवढेच ती बोलली. बादली तिथेच राहिली. भागिरथा जानरावची बायको. आणि मित्रांनो, मी तिचा विळा. गोळी सुटली तेव्हा मी तिच्यासोबतच होतो.

केनवडच्या बाजारात एका लोहाराने ट्रकच्या जुन्या पाट्यातून मला ठोकून घडवले आणि बाभळीची मूठ बसवली. भागिरथाने बरेच विळे हातात तोलून पाहिले आणि मला घेतले. रिठदच्या शिवारात आम्ही सोयाबीन सोंगले, गहू कापला, बकरीसाठी रोज धुऱ्यावरचे, म्हणजे शेताच्या बांधावरचे, गवत कापले. माझी मूठ तिच्या बोटांप्रमाणे झिजली. जानराव मला दगडावर पाजवत असे. धार कमी पडली की ती त्याला म्हणायची, "असा इळा पाजवला तं तुमची दाढीबी निंगनार नाई." तो हसून पुन्हा दगड घ्यायचा.

गवत कापून झाले की ती मला भाऱ्यात खोवायची आणि भारा डोक्यावर घ्यायची. तो सांभाळायला दोन्ही हात लागतात. आमच्याकडच्या सगळ्या बायका असेच करतात.

त्या दिवशीही तिने तसेच केले. वाटेत शेजारचे शेतकरी मारोतराव उभे होते. रानडुकरांसाठी त्यांच्याकडे परवान्याची बंदूक होती. धुरा कोणाचा, यावरून दोघांची आधीही बोलाचाली झाली होती. त्या दिवशी पुन्हा शब्दाला शब्द लागला आणि गोळी सुटली. मी भाऱ्यातच होतो.

जानराव पोहोचला तेव्हा तिचे डोके धोंड्यावर होते. त्याने मला भाऱ्यातून उपसले, दोर कापला आणि गवत काढून तिच्या डोक्याखाली घातले. मला त्याने हातातून तिथेच टाकले, तिच्या हाताजवळ. पोलीस येईपर्यंत ती गेली होती, आणि मी तिथेच पडलेलो होतो.

मारोतरावांचे म्हणणे असे की, ती विळा उगारून अंगावर आली, म्हणून जीव वाचवायला गोळी झाडली. गावात चहाच्या टपरीवर दोन तट पडले. कोणी म्हणे, समोर विळा दिसल्यावर माणूस काय करणार? कोणी म्हणे, डोक्यावर भारा असताना हात उगारेल कसा? रुपाबाईने भारा डोक्यावर पाहिला होता, पण लांबून आणि मावळतीच्या उजेडात. भागिरथाच्या केसांत गवताच्या काड्या निघाल्या.

वाशिमच्या कोर्टात मला टेबलावर ठेवले होते. मारोतरावांच्या वकिलांनी जानरावला शांतपणे विचारले, "विळा तुम्हीच उपसला ना?"

"हो जी."

"आणि डोक्याखाली गवतही तुम्हीच घातलं?"

"हो."

"मग केसांतल्या काड्या भाऱ्याच्या कशावरून? विळा आधी कुठे होता, हेही फक्त तुम्हीच सांगता."

जानरावने टेबलावरच्या माझ्याकडे पाहिले. मग म्हणाला, "तिचं डोकं धोंड्यावर होतं, सायेब. मले दुसरं काही दिसलं नाई."

मला सगळे माहीत होते, मित्रांनो. पण विळ्याची साक्ष कोण घेतो?

मला बाहेर नेताना जानरावने शिपायाला अडवले. माझ्यावर गंज चढला होता. "याले तेलाचं बोट लावू द्या भाऊ," तो म्हणाला. शिपायाने नकारार्थी मान हलवली. पुराव्याला हात लावता येत नाही, असे त्याने समजावून सांगितले. जानराव तरी माझ्या मुठीकडे पाहत राहिला. तिच्या बोटांच्या खुणा अजून तिथे आहेत. त्याला पुन्हा तिचा हात हवा होता, हे मला कळले, कारण मलाही तोच हवा आहे.

आता मी चिठ्ठी बांधून एका अंधाऱ्या खोलीत पडून आहे. असे काही घडले तर तिथल्या वस्तू जागच्या जागी राहू द्या, असे तुम्हाला सांगावेसे वाटते. पण आपल्या माणसाचे डोके धोंड्यावर राहू द्या, असे मी कसे सांगू? एवढेच मागतो, की जानरावने मला का उपसले ते विसरू नका.

निकाल अजून लागलेला नाही. मी तिच्या हातात नव्हतो, एवढे कागदावर यायचे राहिले आहे.