दलदलीतला कोल्हा

फिनलंडातल्या आमच्या सावो भागात माणूस मरताना बँकेतला पैसा सांगेल, पण पिवळी अळंबी कुठे उगवते ते सांगणार नाही. एकाने शेवटच्या घटकेला पाद्र्याला बाहेर काढलं, बायकोला बाहेर काढलं आणि जागा भिंतीला सांगितली. ती भिंत अजून गप्प आहे.

म्हणून तर आर्मास चक्रावला. लाकूड-गिरणीतून निवृत्त झालेला हा गडी बायको गेल्यापासून इंटरनेटवरच्या अळंबीवाल्यांच्या कट्ट्यावर पडीक असे. तिथे ‘कुठे मिळाली?’ या प्रश्नाला ‘जंगलात’ हेच उत्तर. त्यातही ‘दलदलीचा कोल्हा’ नावाचा एक इसम महाखवचट. त्याच्याशी भांडल्याशिवाय आर्मासच्या घशाखाली कॉफी उतरत नसे.

आणि या शरदात कोल्ह्याने चक्क लिहिलं : ‘छान प्रश्न. चर्चमागच्या वाटेने जा, लाल कोठारापाशी डावीकडे वळा, बुटक्या पाइनखाली भरपूर आहे. शुभेच्छा.’

आर्मासने मुलीला, औतीला, फोन लावला.

“बाबा, तिथे आता निम्मं यंत्रंच लिहितात,” औती म्हणाली. “माणसं कधीच उठून गेली.”

“मग मी भांडत कोणाशी होतो?”

“बहुतेक हवेशी.”

“हवा इतकी उलट उत्तरं देत नाही गं.”

पण घास गोड लागेना. कोल्हाच नसेल, तर अख्खा हिवाळा भांडायचं कोणाशी? त्याने हिशेब मांडला : सांगितल्या जागी अळंबी निघाली, तर लिहिणारं यंत्र. नाही निघाली, तर कोल्ह्याने फसवलं, म्हणजे तो आपलाच माणूस.

गेला. बुटक्या पाइनखाली गुडघाभर चिखल, अळंबीचं नाव नाही. आर्मासला इतका आनंद झाला की तो शीळ घालणार होता. तेवढ्यात औतीचं आणखी एक बोलणं आठवलं : यंत्रंही बेधडक थापा मारतात. मग ही थाप कोणाची? एक बूट चिखलात रुतवून तो विचार करत राहिला.

झाडीतून एक बाई आली. त्याच्याच वयाची, मांडीपर्यंत चिखल, बादली पाठीमागे लपवलेली.

“कुठे निघालात?” तिने विचारलं.

“कुठे नाही. वारा खायला.”

“बादली घेऊन?”

“वारा फार आहे आज. तुम्ही?”

“वाट चुकले.”

“इथल्याच दिसता की.”

“हो ना. हळूहळू चुकले.”

आर्मासने खडा टाकून पाहिला. “इथे अळंबी असते म्हणे.”

“कोण म्हणतं?”

“कोल्हा.”

तिच्या पापण्या एकदा लवल्या. की चिलट होतं? “कोल्हे बोलतात होय?” ती म्हणाली.

“तुम्ही त्या कट्ट्यावर असता?”

“छे. तुम्ही?”

“छे छे.”

ही स्वतःच कोल्हा, की कोल्ह्याने फसवलेली दुसरी? सरळ विचारणं आमच्यात बसत नाही. जाताजाता ती म्हणाली, “उद्या सकाळी मी इथे मुळीच येणार नाही.”

“मी तर नाहीच नाही,” आर्मास म्हणाला.

घरी येऊन त्याने कट्ट्यावर कोल्ह्याला मनसोक्त शिव्या घातल्या. तत्काळ उत्तर आलं : ‘आपल्या अभिप्रायाबद्दल आभार.’ आता हे यंत्र, की यंत्राची नक्कल करून खिजवणारी ती बाई? आर्मासचं डोकं फिरायची वेळ आली.

सकाळी त्याने थर्मासमध्ये कॉफी भरली, दोन पेले बादलीत टाकले, आणि जिथे जायचंच नव्हतं तिथे निघाला.