सविताच्या हातचं काम

"द्या आठे, वहिनी. बठ्ठं मी करसू," असं म्हणत, सगळं स्वतःच करायला धावणाऱ्या कामाच्या नर्मदाबाईंनी सविताच्या मांडीवरची मेथीची जुडी उचलून नेली. सविताचे हात तसेच मांडीवर राहिले. तिने त्या रिकाम्या हातांकडे थोडा वेळ पाहिलं आणि मग ते पदराखाली घेतले.

समोरच्या खुर्चीवर बसलेल्या तिच्या नवऱ्याला, धम्मपालला, ते दिसलं. पण वहिनींना कशाला हात लावू देऊ नका, असं नर्मदाबाईंना बजावणारा तोच होता.

जळगावच्या डॉक्टरांनी त्याला बाजूला घेऊन सांगितलं होतं, की सविताला आता औषधापेक्षा सोबत महत्त्वाची. फार तर चार-पाच महिने. वरणगावच्या कारखान्यात त्याने एकतीस वर्षं पाळ्या केल्या होत्या. साठवलेली सगळी रजा त्याने टाकली. कारखान्यातला जुना मित्र हिलाल म्हणाला, घरची कामं दुसऱ्यांवर सोपव, तू नुसता वहिनीपाशी बस. धम्मपालला ते पटलं. स्वयंपाक, धुणीभांडी, झाडलोट नर्मदाबाईंकडे गेली. गिरणीवाला दळण घरी आणून देऊ लागला, किराणा फोनवर यायला लागला. आठवड्याभरात त्या घरात नवरा-बायकोने करावं असं काही उरलं नाही.

मग ते बसले.

सकाळी ओट्यावर बसत, जेवून पुन्हा बसत. रस्त्याने केळी भरलेले ट्रक जात. आज गाड्या जास्त दिसतात, असं तो म्हणे, आणि ती हो म्हणे. एकदा त्याने लग्नाचा अल्बम काढला. दोन पानं पाहून तिने पाठ दुखते म्हणून सांगितलं. इतकी वर्षं आपण काय बोलत होतो, हे तो आठवू लागला. सिलिंडर लावलं का, नळ कधी येणार, दूध नासलं, छत्री विसरू नका. ती कामं घरातून गेली, तशी बोलणीही गेली होती. याचं वाईट वाटायला हवं होतं. पण पायाला मुंग्या आल्यावर पाय आपला वाटत नाही, तसं त्याचं आतून झालं होतं.

जानेवारीत भाचीच्या लग्नासाठी नर्मदाबाई दोन दिवस माहेरी, शिंदखेड्याला गेल्या. धम्मपाल खाणावळीत डबा सांगायला निघाला, तर सविताने त्याला थांबवलं.

"डबा नका सांगू. तुरीच्या शेंगा आणा. मी सांगते, तुम्ही करा."

त्याने तिची खाट स्वयंपाकघराच्या दाराशी ओढली. पहिली भाकरी परातीतच चिरली, दुसरी तव्यावर मोडली. पाणी कोमट घ्या, असं ती सांगत राहिली. मग दोघं शेंगा सोलायला बसले. तिची बोटं सावकाश चालत होती, पण थांबत नव्हती. शेंगांवरची नजर न काढता ती बोलायला लागली.

"तुमची आई अंथरुणाला होती ना, त्या साली मले पत्र आलं होतं. नर्सच्या ट्रेनिंगचं, जळगावले. नंबर लागला होता माझा."

धम्मपालने हे कधीच ऐकलं नव्हतं. "मग?"

"मग काय. आईंचं धुणं भिजत घातलेलं होतं. ते धुतलं. तुम्ही दुसऱ्या पाळीले गेलेले. राहून गेलं."

"सांगायचं होतंस. कामाला बाई लावली असती."

"माझ्यासाठी?" एवढंच म्हणून तिने एक किडकी शेंग बाजूला टाकली. आवाजात तक्रार नव्हती. कुणी पत्ता विचारावा आणि आपण सांगावा, तसं तिने सांगितलं होतं.

तो टरफलं गोळा करत राहिला.

नर्मदाबाई परतल्या, तेव्हा भाकरी आणि दुपारची भांडी आपण करणार असल्याचं त्याने त्यांना सांगितलं. त्यांनी नवलाने पाहिलं. पुढचे तीन आठवडे तो काम करायचा आणि सविता खाटेवरून बोलायची. यावलच्या शाळेत तिचं अक्षर सगळ्यांत चांगलं होतं. इंजेक्शन द्यायचा सराव ती कच्च्या पपईवर करायची, सासू झोपल्यावर. कधी ती बोलताना थांबायची. मग कढईला वरून तेल सोडा, एवढं सांगायची.

मग एका दुपारी जेवणं झाली होती. नर्मदाबाई घरी गेल्या होत्या. धम्मपाल मोरीत भांडी घासत होता, नळ जोरात सुरू होता. खाटेवरून सविता काहीतरी म्हणाली. भांड्यांच्या आवाजात त्याला ते कळलं नाही. हातातलं पातेलं विसळून त्याने नळ बंद केला.

"काय म्हणालीस?"

उत्तर आलं नाही. त्याने हात पुसले आणि पुन्हा विचारलं. मग तो दाराशी गेला.

सविता गेल्यानंतर पुण्यानुमोदनाच्या दिवशी घर माणसांनी भरलं. शेवटपर्यंत जवळ होतास, यातच सगळं आलं, असं हिलाल म्हणाला. धम्मपालने मान हलवली. नर्मदाबाईंनी रडत रडत विचारलं, वहिनी शेवटी काय बोलल्या. पाणी सुरू होतं, असं त्याने सांगितलं. त्यांना ते कळलं नसावं.

माणसं गेली. नर्मदाबाई खरकटी ताटं उचलायला लागल्या, तेव्हा त्याने त्यांना खुर्ची दिली आणि बसायला सांगितलं. मग तो मोरीत पाटावर बसला आणि एकेक ताट घासू लागला. नळ त्याने अगदी बारीक सोडला होता, आवाज होणार नाही इतका.