कादंबरीकाराची दाढी

"आता मी जे सांगणार आहे त्यावर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसायचा नाही," मामा म्हणाला आणि त्याने हवेतच दोनदा कात्री वाजवली.

"मग सांगतोस कशाला?" शेजारच्या खुर्चीमागून भाची म्हणाली.

तिच्या खुर्चीत बसड्रायव्हर बसला होता, तोंडाला फेस फासून. मामाच्या खुर्चीत ग्रंथपाल होता. ड्रायव्हरने आरशातूनच भुवया उडवून 'सांगा की' असं सुचवलं. ग्रंथपालाने काहीच सुचवलं नाही. गेली दोन वर्षं तो दर महिन्याला या सलूनमध्ये येत होता, केस कापून घेत होता आणि एक अक्षर न बोलता निघून जात होता.

आज त्याने बोलावं, एवढंच मामाला हवं होतं. काहीही बोलावं. शिवी दिली तरी चालणार होतं. कारण उद्या ग्रंथपाल घर आवरून लेकीकडे राहायला जाणार होता, दूरच्या शहरात, कायमचा. ही बातमी भाचीने सकाळी मामा शटर वर करत असताना सांगितली आणि मामाच्या हातातलं शटर अर्ध्यावरच अडकलं. ग्रंथपाल गेली दोन वर्षं सेवानिवृत्त होता, पण मामाचा शाळेपासूनचा मित्र होता, आणि त्या नोकरीतून काही सेवानिवृत्ती नसते.

माफी मागून मोकळं होता आलं असतं. पण माफी मागायची तर खरं बोलावं लागतं, आणि मामाला त्याची सवय नव्हती. त्याच्या हाताला दोनच गोष्टी नीट बसल्या होत्या, कात्री आणि थाप. कात्री चालू होतीच. त्याने थापेला हात घातला.

पण हे दोघं कशावरून भांडले ते आधी सांगायला हवं, आणि सांगताना हसू आवरायला हवं. भांडण जमिनीवरून नव्हतं, पैशावरून नव्हतं. भांडण एका बाईवरून होतं, आणि ती बाई कधी जन्मालाच आलेली नव्हती.

'ताऱ्यांचा तांडा' नावाची अंतराळातली एक लांबलचक कथा. तिचे सात सिनेमे, आणि सिनेमांच्या आगेमागे निघालेल्या अकरा कादंबऱ्या. ग्रह गमावलेली माणसं जहाजांतून भटकतात आणि पाय टेकायला जमीन शोधतात, एवढंच. पण मामाच्या आयुष्यात याहून मोठं काही घडलं नव्हतं, लग्न धरून. हे तो बायकोसमोरच म्हणायचा. बायको म्हणायची, "लग्नाला तरी तू कुठे वेळेवर आलास, दुसऱ्या सिनेमाच्या दुपारच्या खेळाला बसला होतास." हे साफ खोटं होतं. तो सकाळच्या खेळाला बसला होता.

मामाची मतं सगळ्या गल्लीला तोंडपाठ होती, कारण मानेवर वस्तरा असताना माणूस उठून जाऊ शकत नाही. पहिला सिनेमा थोर, कारण त्यात जहाजाला बांधलेली दोरी दिसते. दुसरा त्याहून थोर, दोरी दिसत नाही पण आहे हे कळतं. चौथा निव्वळ खेळणी विकायला काढलेला, आणि त्यातली सगळी खेळणी मामाच्या कपाटात होती. पाचव्यात दोन तास सगळं तरंगतं, गोष्टसुद्धा. सहावा अगदी टाकाऊ आहे याची खात्री करून घ्यायला मामाने तो चारदा पाहिला. सातव्यात यंत्रमानव बंद पडतो तेव्हा तो थिएटरात असा काही हुंदके देऊन रडला, की पुढच्या रांगेतल्या बाईंनी मागे वळून विचारलं, घरचं कोणी गेलं का. मामा "हो" म्हणाला.

राहिला तिसरा. तिसऱ्यात जहाजाची डॉक्टर मरते. आतल्या माणसांना वाचवायला ती बाहेरच्या बाजूने दार लावून घेते. मामाच्या मते आजवर पडद्यावर एवढं सुंदर मरण कोणी मेलेलं नव्हतं. त्या दिवसापासून त्याच्या सलूनचं दार जरा जोरात लागलं तरी त्याचा गळा दाटून यायचा. दार नवं बसवून घे, असं भाची म्हणायची.

आणि दोन वर्षांपूर्वी अकरावी कादंबरी आली. तिच्यात डॉक्टर जिवंत निघाली.

ग्रंथपाल याच खुर्चीत बसून आनंदाने ते सांगत होता. त्याने त्या अकराही कादंबऱ्या वाचनालयात आणवल्या होत्या. स्वतः पुठ्ठे कापून, खळ लावून त्यांना बांधणी केली होती, आणि मूळ वेष्टनावरचे लेखिकेचे फोटो नीट कापून प्रत्येकीच्या शेवटच्या पानावर चिकटवले होते. मामाने त्यातली एकही वाचलेली नव्हती. तरी तो म्हणाला, "त्या कादंबऱ्या म्हणजे सिनेमाच्या ताटातलं उष्टं. पोट भरलेली माणसं तिकडे बघत नाहीत."

ग्रंथपाल उठला. डोकं एका बाजूने कापलेलं, दुसऱ्या बाजूने तसंच. अंगावरचं कापड काढून त्याने घडी घातली, खुर्चीच्या हातावर ठेवली आणि चालू लागला. आठवडाभर तो तसाच अर्धा फिरला. एका बाजूने सेवानिवृत्त ग्रंथपाल, दुसऱ्या बाजूने संगीतकार. मग त्याने दुसऱ्या सलूनमध्ये जाऊन पाहिलं. पण त्याच्या डोक्यावर दोन भोवरे होते, आणि त्या दोघांची समजूत कशी काढायची हे जगात फक्त मामाला माहीत होतं. तिथून बाहेर पडला तेव्हा तो आंघोळ घातलेल्या कोंबडीसारखा दिसत होता. मुकाट परत आला. आणि मुकाटच राहिला. एक बोट वर केलं की बारीक काप, कानाला हात लावला की कानामागचे काढ, डोळे मिटले की झालं, सोड.

तेव्हापासून मामाचं काय झालं ते फक्त भाचीला माहीत होतं. तीच वाचनालयातून एकेक कादंबरी आणून द्यायची. टॉवेलांच्या कप्प्यात, तळाशी, टॉवेलात गुंडाळून मामा ती ठेवायचा आणि दुपारी गिऱ्हाईक नसलं की मागच्या मोरीत बादली उपडी घालून वाचत बसायचा. पहिली त्याने चुका काढायला वाचली. दुसरीत चुका काढायचं विसरला. अकरावीत डॉक्टर बियाण्यांच्या कोठीत सापडते. दार लावल्यावर ती तिथे शिरलेली असते, आणि तिच्या श्वासाच्या उबेने बियांना कोंब फुटलेले असतात, तिने त्यांना जगवायचं आणि त्यांनी तिला. ते पान आलं तेव्हा मोरीतून असा काही आवाज आला, की भाचीने बाहेरून विचारलं, नळ गळतोय का.

तर हा मामा, आणि हे त्याचं आजचं काम.

"ऐका तर," तो ड्रायव्हरला म्हणाला. "ते तांड्याच्या कादंबऱ्या लिहिणारे गृहस्थ आहेत ना, ते इथे येऊन गेले. याच खुर्चीत बसले. दाढी करायला."

भाचीचा वस्तरा ड्रायव्हरच्या गालावर थांबला. तिने मामाकडे पाहिलं, मग टॉवेलांच्या कप्प्याकडे पाहिलं, आणि पुन्हा वस्तरा चालवू लागली.

"कधी?" तिने विचारलं. "मी कुठे होते?"

"तू बाहेर होतीस. माझ्या आयुष्यात मोठं काही घडतं तेव्हा साक्षीदार बाहेरच असतात."

"दाढी केवढी होती?" ड्रायव्हरने फेसाआडून विचारलं.

"छातीपर्यंत. तिच्यात शाईचे डाग. एक टोपणसुद्धा निघालं पेनाचं, ते मी परत दिलं. मी वस्तरा गळ्यावर ठेवला तेव्हा म्हणाले, मामा, एक अडचण आहे. ती डॉक्टर मारू का ठेवू?"

मामाने आरशात पाहिलं. ग्रंथपालाचा चेहरा भिंतीसारखा होता. पण उजव्या कानाची पाळी किंचित लाल झाली होती, आणि त्या पाळीला मामा शाळेपासून ओळखत होता.

"मग तुम्ही काय म्हणालात?" ड्रायव्हरने विचारलं.

"म्हटलं, मारा. ते म्हणाले, बघा हं, विचार करून सांगा. मी विचार केला. म्हटलं, ठेवा, पण पाण्याच्या पिंपात ठेवा. झाकण लावून. तसंच लिहिलं त्यांनी. पाण्याच्या पिंपात सापडते बघा ती, शेवटी. भिजलेली."

दोन्ही पाळ्या लाल झाल्या. ग्रंथपालाने कापडाखाली हात हलवला. मामाने कात्री बाजूला धरली. पण हात वर आला तो फक्त कानाला लावायला. कानामागचे काढ.

मामाने कानामागचे काढले. जितके सावकाश काढता येतील तितके काढले. एकेक केस असा उचलून कापला, जसा काही परत भेटणार नव्हता.

"मामा, तुझी कात्री हवेतच चालतेय," भाची म्हणाली.

"हवेतले बारीक केस असतात. तुला दिसत नाहीत."

"आणि तुम्ही वाचल्यात का या कादंबऱ्या?" ड्रायव्हर म्हणाला. त्याला घाई होती, पण गोष्ट अर्ध्यावर टाकून बस काढणं त्याच्या जिवावर आलं होतं.

"छे. मी कशाला वाचू? ज्याने सल्ला दिला त्याने वाचायचं असतं का? मी एकीलाही हात लावलेला नाही. ऐकीव माहिती आहे. कप्तानाची आई म्हणे त्यात नर्तकी दाखवलीय."

ती जहाजावरची स्वयंपाकीण होती. सहाव्या कादंबरीचे पहिले दोन अध्याय तिच्या चुलीवरच घडतात. ग्रंथपालाची मान ताठ झाली.

"आणि तो यंत्रमानव. त्याला म्हणे गाणं येतं."

त्याला गाणं येत नाही, हेच तर त्याचं दुःख, चार कादंबऱ्यांभर. हे बोलताना मामाला स्वतःचीच लाज वाटली. त्या यंत्रमानवासाठी तो थिएटरात रडला होता आणि मोरीतही रडला होता, आणि आता चारचौघांत त्याची अशी बदनामी करत होता.

ग्रंथपालाने डोळे मिटले. झालं, सोड.

मामाच्या हातात आता काही उरलं नव्हतं. केस संपले होते आणि थापा संपत आल्या होत्या. त्याने ब्रशने मान झटकली, पावडर लावली, पुन्हा झटकली, पुन्हा लावली. शेवटी कापडाची गाठ सोडली. दोन्ही भोवरे शहाण्या मुलांसारखे पडून होते. असे ते परत कोणाला जमणार नव्हते.

ग्रंथपाल उठला. त्याने चष्मा लावला, आरशात एकदा इकडून, एकदा तिकडून पाहिलं, आणि दाराकडे निघाला.

"तर असे ते लेखक," मामा त्याच्या पाठीकडे बघत म्हणाला, जरा मोठ्यानेच. "गुळगुळीत दाढी करून गेले. मिशी मात्र ठेवली. मीच म्हटलं, मिशी तुम्हाला शोभते."

दार उघडलं. आता ते नेहमीसारखं जोरात लागणार, म्हणून मामाने आधीच मान खाली घातली.

दार लागलं नाही.

"बियाण्यांच्या कोठीत," दारातून कोणी तरी म्हणालं. बरेच दिवस न वापरलेल्या बिजागरीसारखा आवाज होता.

"काय?" मामा म्हणाला.

"पिंपात नाही. बियाण्यांच्या कोठीत सापडते." ग्रंथपाल दार धरून उभा होता आणि त्याचे कान पिकलेल्या मिरच्यांसारखे झाले होते. "आई स्वयंपाकीण आहे. यंत्रमानवाला गाता येत नाही. आणि लिहिणारी बाई आहे, लेका. चष्म्यातली, सत्तरीची बाई. तिची कसली दाढी करतोस आणि कसली मिशी ठेवतोस?"

ड्रायव्हर अर्ध्या फेसासह वळून बसला. भाचीने वस्तरा खाली ठेवला.

"असेल बाबा," मामा म्हणाला. ब्रश कुठे ठेवायचा ते त्याला सुचत नव्हतं. "मला काय माहीत? मी थोडाच वाचल्यात."

ग्रंथपालाने दार आतून हळूच लावून घेतलं. तो परत आला, त्याच खुर्चीत बसला, पाय लांब केले. आरशातल्या मामाकडे त्याने पाहिलं.

"खोटं," तो म्हणाला. "न वाचलेला माणूस एखादी तरी गोष्ट चुकून बरोबर सांगतो."