ओरखड्यापुढचं गाणं

एलिएसेरनं रेकॉर्ड धुवायला काढली, तिथंच घोळ झाला. एरवी इतक्या वर्षांत तिला मऊ फडक्याशिवाय काही लागलं नव्हतं. पण शनिवारी पोरीचं, यादिराचं लग्न, म्हणून बुधवारी सकाळी त्यानं ती साबणाच्या पाण्यानं धुतली, परसातल्या खिडकीत सावलीला उभी केली आणि स्वतः झोळीत आडवा झाला. वारा छान सुटला होता, डोळा लागला. सावली बिचारी एका जागी किती वेळ बसणार? जाग आली तेव्हा ऊन खिडकीत येऊन टेकलं होतं आणि रेकॉर्ड वाकून वाडग्यासारखी झाली होती.

तरी त्यानं ती मशिनीवर चढवली. सुई तिच्यावर लाटेवरच्या होडीसारखी खालीवर झाली, गाण्याऐवजी गुरगुर आली, आणि मग तीही बंद पडली. एलिएसेर तिथंच स्टुलावर बसला. यादिरा कामावरून घरी आली तेव्हाही बसलेलाच होता.

कोलंबियातल्या बारांकिया शहराच्या रेबोलो वस्तीत तुम्ही कुणालाही विचारा, गेल्या चाळीस वर्षांत एलिएसेरच्या पिकोशिवाय लग्न झालंय का. पिको म्हणजे त्याचा तो भिंतीएवढा स्पीकर, पुढच्या कापडावर नांग्या उगारलेला लाल खेकडा रंगवलेला. सगळे त्याला ‘कांग्रेहो’च म्हणायचे, म्हणजे खेकडा. हल्लीची पोरं खांद्याला बॅग अडकवून येतात आणि लग्नं वाजवून जातात, त्यांना डीजे म्हणतात. एलिएसेरला कुणी चुकून डीजे म्हटलं तर तो म्हणायचा, “डीजे तुझा जावई. मी पिकोवाला.”

आणि ती रेकॉर्ड म्हणजे ‘देस्काल्सा’, अनवाणी बाई. हे नाव वस्तीनं दिलेलं. खरं नाव कुणालाच माहीत नव्हतं. बोटीवरच्या एका आचाऱ्यानं ती आफ्रिकेतून आणली होती. त्या काळी रीतच होती, चांगली रेकॉर्ड हाती लागली की तिच्या मधला नावाचा कागद नाण्यानं खरवडून टाकायचा. दुसऱ्या पिकोवाल्याला नाव कळलं की तो उद्या तीच वाजवणार ना! ज्या नवरीनं ती पहिल्यांदा ऐकली तिनं बूट भिरकावून दिले आणि अनवाणी नाचली. तेव्हापासून रेबोलोतली प्रत्येक नवरी या गाण्याला बूट काढते, आणि गाणं संपेपर्यंत तिची आई ते हातात धरून उभी राहते.

रेकॉर्डवर मधोमध एक ओरखडा होता. तिथं सुई टक करून उडायची आणि पुढं जाऊन पडायची. दुसऱ्या कुठं लोकांनी शिव्या घातल्या असत्या. रेबोलोनं ती जागाच आपलीशी केली. टक झालं की अख्ख्या अंगणानं एकदम पाय आपटायचा, ठप्प, आणि पुढं नाचायचं. शेंबड्या पोरांनाही ते येत होतं.

यादिरा त्याच्यावर चिडली नाही, हेच एलिएसेरला जास्त लागलं. ती म्हणाली, “पप्पा, दुसरं काहीतरी लावू.” तो नाही म्हणाला. त्याच्या डोक्यात बेत्साबे होती. त्याची बायको, चार वर्षांपूर्वी गेलेली. स्वतःच्या लग्नातसुद्धा तो मशिनीमागून हलला नव्हता, कारण त्याच्या सुईला दुसऱ्याचा हात लागलेला त्याला चालत नसे. बेत्साबे एकटी नाचली होती. त्यावरून ती कधी भांडली नाही. दवाखान्यात शेवटी शेवटी फक्त एवढं म्हणाली, “माझ्या वेळी तू नाचायला उतरला नाहीस. यादिराच्या वेळी उतर. याच गाण्याला.” त्यानं हो म्हटलं होतं. मशिनीकडे पाठ कशी करायची ते अजून त्याचं ठरत नव्हतं, आणि आता तर गाणंच गेलं.

यादिरानं फोनवर शोधून पाहिलं. गाणं ओळखतोय का बघायला शेजारणीच्या लग्नात भरलेला एक तुकडा फोनला ऐकवला. पण एलिएसेर पूर्वीपासूनच देस्काल्सा चालू असताना मधेमधे माइकवर ओरडायचा, कुणी चोरून भरून घेऊ नये म्हणून. फोनला ऐकू आला तो त्याचाच आवाज, “कांग्रेहो! रेबोलोचा बाप!”

“फोन म्हणतोय, हा कोण माणूस ते माहीत नाही,” यादिरा म्हणाली. दोघं थोडं हसली. मग तिनंच विषय काढला, “कागद खरवडला कुणी होता?”

विल्फ्रिदोनं. विल्फ्रिदो आल्ताओना, एकेकाळचा भागीदार, बाप्तिस्म्यापासून यादिराचा धर्मबाप. एलिएसेरला वाचायला धड येत नसे, म्हणून कागद वाचून विल्फ्रिदोनंच तो खरवडला, आणि नाव भागीदारालाही सांगितलं नाही. म्हणाला, तुला माहीतच नसेल तर दारू पिऊन बोलशील कसा. पुढं बावीस वर्षांपूर्वी एका लग्नात, सुई कोण ठेवणार यावरून दोघांची जुंपली. दोघांचे हात एकाच वेळी गेले. तो ओरखडा त्या दिवसाचा. मशीन, खेकडा आणि रेकॉर्ड एलिएसेरकडे राहिली, विल्फ्रिदो दोन स्पीकर घेऊन निघून गेला, आणि त्यानंतर एक शब्द नाही.

गुरुवारी एलिएसेर इस्त्रीचा सदरा घालून त्याच्या दारात गेला. दार नूबियानं उघडलं, विल्फ्रिदोच्या बायकोनं. तिनं बाजूला होऊन वाट दिली. विल्फ्रिदो ओसरीत झुलत्या खुर्चीत बसला होता. साखरेच्या दुखण्यानं त्याचा डावा पाय गुडघ्यापासून नेला होता. एलिएसेरनं ते ऐकलं होतं, पण पाहिलं नव्हतं.

“बस,” विल्फ्रिदो म्हणाला. “उभा राहिलास तर जनगणनेला आल्यासारखा वाटतोस.”

एलिएसेर बसला. नजर पायाकडे गेली.

“बघ बघ. मी आता कायमचा अर्धा अनवाणी.” मग विल्फ्रिदो म्हणाला, “देस्काल्सा गेली, असं ऐकलं.”

“उन्हात वाकली.”

“कुणाच्या हातून?”

“माझ्याच.”

एलिएसेरनं बोलून टाकलं, “नाव सांग, कोम्पाद्रे. पोरीचं लग्न आहे.” पोरीच्या धर्मबापाला मारायची ही हाक बावीस वर्षांनी तोंडातून निघाली, आणि निघाली म्हणून त्यालाच नवल वाटलं.

“नाव विसरलो मी. खरंच विसरलो.”

एलिएसेर उठायला लागला. विल्फ्रिदोनं हातानंच बस म्हणून खुणावलं आणि नूबियाला कपाटावरची चादर आणायला सांगितली. चादरीच्या घडीत आणखी एक घडी, आणि तिच्यात रेकॉर्ड. मधला पिवळा कागद जसाच्या तसा.

आचाऱ्यानं दोन आणल्या होत्या.

“दुसरी फुटली म्हणालास तू,” एलिएसेर म्हणाला.

“म्हणालो होतो.”

“ही वाजवली असतीस तर माझा कांग्रेहो महिन्याभरात बंद पडला असता.”

“मला कळत नव्हतं काय?”

एवढंच झालं. एलिएसेरनं हात पुढं केला, पण विल्फ्रिदोनं रेकॉर्ड मांडीवरच ठेवली. म्हणाला, “सुई मी ठेवणार.”

“माझ्या मशिनीवर?”

“पूर्वी आपली म्हणायचास.”

एलिएसेर दारापर्यंत गेला. तिथं उंबऱ्यावर त्यानं बराच वेळ टोपी हातात फिरवली. मग पाठमोराच म्हणाला, “शनिवारी दोनला कुणाला तरी पाठवतो तुला न्यायला.”

“कुणाला तरी नको. तू ये.”

शनिवारी अंगणात ताडपत्री ताणलेली, मासे घातलेला भात खाऊन झालेला, म्हाताऱ्या बाया खुर्च्या सावलीत ओढत बसलेल्या. एलिएसेरनं विल्फ्रिदोची चाकाची खुर्ची ढकलत आणली आणि थेट खेकड्यामागं नेऊन लावली. यादिरानं बूट काढले. आता ते धरणार कोण, हे सगळ्यांच्याच मनात होतं. ती सरळ मशिनीमागं गेली, धर्मबापाच्या कपाळाला ओठ टेकले आणि पांढरे बूट त्याच्या मांडीवर ठेवले.

एलिएसेर अजून तिथंच होता, एक हात मशिनीवर.

“जा, उतर,” विल्फ्रिदो म्हणाला. “खेकडा कुठं पळत नाही.”

तो उतरला. गाणं सुरू झालं, खरखर नाही, काही नाही, धुतल्यासारखं स्वच्छ. आणि चाळीस वर्षं ज्यानं वस्तीला नाचवलं त्याला नाचता येत नाही, हे रेबोलोला त्या दिवशी कळलं. लाकडासारखा हलत होता. एक म्हातारी म्हणाली, कपाट हलवताहेत का काय. यादिरानं त्याचे दोन्ही हात धरले आणि त्याला सांभाळत फिरवलं.

मग ती जागा आली. अख्ख्या अंगणानं पाय आपटला. ठप्प.

पण गाणं उडालं नाही. ढोल थांबले, एक गिटार राहिली, आणि बाईचा आवाज खाली उतरत गेला, कुणाला तरी जवळून काही सांगितल्यासारखा. बावीस वर्षांत कुणी न ऐकलेलं गाणं. सगळे आपटलेला पाय तसाच ठेवून उभे राहिले. जुन्या माणसांनाही ते कधी ऐकल्याचं आठवेना.

“पप्पा, हे काय?” यादिरानं विचारलं.

“हे आधी होतं,” तो म्हणाला.

त्याला आठवत होतं. त्याच्या लग्नात ओरखडा नव्हता. मशिनीमागून त्यानं नीट पाहिलं होतं. या जागी बेत्साबे फिरायची थांबली होती, डोळे मिटले होते, आणि फक्त टाचा उचलून टेकवत होती, अगदी सावकाश, मातीत. नाचातलं एवढंच त्याला येत होतं. त्यानं बूट काढले, मोजे काढले, आणि टाचा उचलल्या. टेकवल्या. यादिरा त्याच्या पायांकडे बघत होती. दोनदा चुकली, मग तिलाही जमलं.

ढोल परत आले तेव्हा अंगणातल्या कुणाचेच पाय जुळेनात, एकमेकांना धडकत सगळे नव्यानं ताल धरू लागले. मागं विल्फ्रिदो बूट दोन्ही हातांत धरून बसला होता. एलिएसेरनं ते पाहिलं नाही. गाणं संपेपर्यंत त्यानं एकदाही मशिनीकडे मान वळवली नाही.