चंदेरी पंप

नेरजवळच्या सरकारी विहिरीचं काम चालू होतं. आतलं पाणी हवेच्या दाबावर चालणारा पंप उपसायचा. उकंडा दर शनिवारी त्याचा व्हॉल्व्ह खोलून रॉकेलनं पुसायचा, म्हणून पंपाची तब्येत ठणठणीत होती. मग मोठे साहेब पाहणीला येणार म्हणून ओव्हरसियर मधुसूदनरावांनी पंपाला चंदेरी रंग देऊन घेतला, हवा बाहेर पडायच्या जाळीसकट. पंपाला दोनदा धाप लागली आणि तो थांबला. विहीर भरू लागली.

"उकंडा, साहेब यायच्या आत चालू कर, नाहीतर उद्यापासून घरी बस!"

"रावसाहेब, जाळी बुजली. हवेले बाहीर निघायले जागाच नाही. रंग खरडू द्या."

"रंगाला हात लावायचा नाही!"

दगडांची पाटी खाली टाकून उकंडाची बायको सत्यभामा पुढे आली. "पाहून काय राह्यले? नोकरी गेली तं थे काय रंग खाऊ घालतीन?" तिनं बाभळीच्या काट्यानं जाळीचं एकेक भोक मोकळं केलं. पंप फुसफुसला आणि पाणी फेकू लागला.

साहेब खूश झाले. "रंग दिल्यापासून सुधारलाय," मधुसूदनराव म्हणाले. नोकरी वाचलेल्या उकंडानं मान डोलावली. आठ दिवसांनी त्यालाच साहेबांचा लेखी हुकूम आला: मुकुटबनचा पंप बंद पडला आहे, जाऊन रंगवून यावे.